चेऊलची वाडी

रोह्यावरून वाहणारी आमची कुंडलिका पुढे कोठे जाते, हा प्रश्न मी वर्गात अनेक वर्षे मुलांस विचारला आणि ‘रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते’ हे उत्तर आल्यावर पुरे गुण दिले. परंतु ज्या मुखाशी ती समुद्रास मिळते तेथे माझे आजोळ असूनही, मातोश्री निवर्तल्यापासून प्रस्तुत लेखकाने त्या बाजूस पाऊल टाकले नव्हते. अंतर म्हणाल तर वरसे येथून मोटारीने तास-दीड तासाचे. माणूस काशीची यात्रा करून येतो, पण शेजारच्या गावचे देऊळ पाहावयाचे राहून जाते, तशातलाच हा प्रकार.

मागील माघात जाण्याचा योग आला तो मात्र सहलीच्या हौसेने नव्हे. मामेभावाचे पत्र आले. (हल्ली पत्रे कोण लिहितो? पण हा लिहितो, आणि अक्षरही सुवाच्य काढतो.) चौलच्या वाडीच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात वारस म्हणून मातोश्रींचे नाव लागले होते, आता त्या नावाखाली आम्हां दोघा बंधूंची नावे. ‘हक्कसोडपत्रावर तुम्हां उभयतांच्या सह्या हव्यात, एकदा येऊन वाडी पाहून जावे,’ एवढाच मजकूर. तो वाचून घरात दोन तट पडले. धाकटे बंधू म्हणाले, समुद्रकाठी गुंठ्यास काय भाव चालला आहे ते अगोदर पाहावे. त्यांच्या मुलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची फी दर वर्षी डोक्यावर उभी असते, तेव्हा त्यांच्या बोलण्यास लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. सौभाग्यवती म्हणाल्या, “दर भाऊबीजेला मामा नारळांचे पोते पाठवीत, ते कोणी मोजले होते का?” मी दोहोंपैकी कोणासच उत्तर दिले नाही. पुतण्याची मोटार, सौभाग्यवती, बारा वर्षांचा नातू आणि मी असे एका रविवारी पहाटे निघालो.

चणेऱ्यावरून साळावकडे जाणारा रस्ता खाडीच्या दक्षिण अंगाने जातो. लहानपणी आम्ही ह्याच वाटेने येत असू. पण तेव्हा साळाव व रेवदंडा ह्यांमध्ये पूल नव्हता, तर होती. तरीत बसताना आई पदर घट्ट खोचून देवाचे नाव घेई आणि पलीकडच्या काठावर मामा छत्री उघडून उभे असत, ऊन असो की पाऊस. आता पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जाता येते. परंतु पूल ओलांडण्यापूर्वी नातवास कोर्लईचा किल्ला पाहावयाचा होता, म्हणून मोटार अगोदर डावीकडे, मुरुडच्या रस्त्यास वळविली.

कोर्लईचा डोंगर खाडीच्या तोंडाशी समुद्रात शिरलेल्या सुसरीच्या नाकासारखा आहे. त्यावरील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकून घेतला. चढ सोपा नाही; सौभाग्यवती दीपगृहापाशीच बसल्या आणि पुतण्या त्यांच्या सोबतीस राहिला. मला मात्र किल्ल्याहून पायथ्याचे गाव अधिक मोलाचे वाटले. तेथील ख्रिस्ती वस्तीतील हजाराच्या आतबाहेर माणसे आजही घरात एक पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. तीस ती ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. पोर्तुगीज चौलमधून १७४० साली गेले. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ना पाठ्यपुस्तक, ना परीक्षा, ना मास्तर, आणि भाषा जिवंत! ज्याचा जन्म मुलांकडून शब्दरूपे घोकून घेण्यात गेला त्याने ह्यावर काय बोलावे?

दोन बायका टोपल्या घेऊन बोलत चालल्या होत्या. नातू कान देऊन ऐकू लागला व म्हणाला, “आजोबा, ह्यातले काहीच कळत नाही.” मी म्हटले, “बाळ, तुझ्या घरातले अर्धे सामान ह्यांच्याच भाषेतून आले आहे.” मग उतरता उतरता त्यास मोजून दाखविले: पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, घमेले, बिजागरी, इस्त्री, फीत, मास्तरांचा पगार, आणि पगार न पुरल्यास घराचा होणारा लिलाव. आपल्या हापूस आंब्याच्या नावातही एक अफोन्सो बसलेला आहे. ज्यांच्या तोफांना आपण हुसकावून लावले त्यांच्या पावाला नाही. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातही उपवासाच्या दिवशी बटाटा चालतो, तो कोठून आला हे आमच्या आजीस कोणी सांगितले नाही म्हणून बरे!

किल्ल्याच्या टोकावरून खाडीचे मुख स्वच्छ दिसते. पाण्यात कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेले खुंट दिसत होते. नातवास लढाईची गोष्ट हवी होती, ती मी तेथेच सांगितली. १५०८ सालच्या मार्च महिन्यात ह्याच मुखाशी इजिप्तच्या सुलतानाचा सरदार अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाझ ह्यांच्या आरमाराने पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण पुत्र लोरेन्सो द आल्मेदा ह्यास गाठले. माघारी निघालेले त्याचे गलबत असल्याच खुंटांमध्ये अडकले आणि तो तेथेच मारला गेला. बापाने पुढील वर्षी दीव येथे त्याचा सूड घेतला आणि त्या एका लढाईने अरबी समुद्रावरील सत्तेचे पारडे फिरले. नातवाने विचारले, “मग त्या कोळ्यांचे काय झाले?” प्रश्न रास्त होता. इतिहासकारांनी बाप व लेक दोघांची नावे लिहून ठेविली. खुंट कोणाचे होते ते कोणी लिहिले नाही.

पूल ओलांडून रेवदंड्यात शिरलो म्हणजे आपण एका कोटातच शिरतो. पोर्तुगीजांनी १५१६ साली येथे वखार घातली व १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने किल्ल्याचे काम आरंभिले. १५७०–७१ मध्ये त्याच निजामशाहीने वेढा घालूनही तो पडला नाही. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेसही तो घेता आला नाही. १७३९ साली वसई पडली तेव्हा मात्र त्याचा आधारच तुटला आणि पुढील वर्षी तो तहाने मराठ्यांच्या हाती आला. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, पडक्या चर्चच्या भिंतींवर वड-पिंपळ आहेत, आणि ज्यास लोक सातखणी म्हणतात तो मनोरा अर्धामुर्धा उभा आहे. तटाबाहेर काळसर वाळूचा किनारा. तेथे मुंबईकर मंडळी इतकी दाटली होती की आम्ही पाय ओले करून लगेच परतलो. गावात बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिरही आहे. ह्या लोकांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जवळच नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्यास लागले. घाण्यावर तेल काढीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते ‘शनिवार तेली’.

येथील हायस्कुलाच्या आवारात अफानासी निकितिन ह्या रशियन व्यापाऱ्याचा स्मारकस्तंभ आहे. हा गृहस्थ १४७० च्या मागेपुढे त्वेर गावाहून निघून, वाटेत लुटला जाऊन, एक घोडा विकावयास घेऊन चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या पंचवीसएक वर्षे आधीची ही गोष्ट. जुन्नरच्या अधिकाऱ्याने घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देईन असे बजावले. पुढे एका मध्यस्थाच्या रदबदलीने घोडाही परत मिळाला व धर्मही राहिला. परत जाताना स्वदेशी पोहोचण्यापूर्वीच वाटेत तो वारला. असे पाहुणे ज्या गावी उतरत त्या गावाचे नाव आता शनिवार-रविवारच्या खोल्यांच्या भाड्यासाठी विचारले जाते.

चौलच्या नावाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. जुनी खोड आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत ‘चेमुल’ असे नाव येते. पहिल्या शतकातील ग्रीक खलाश्याच्या प्रवासवर्णनात कल्याणनंतरचे बंदर म्हणून ‘सेमुल्ला’ आहे. ९१५–१६ च्या सुमारास आलेला अरब प्रवासी मसूदी ‘सैमूर’ म्हणतो व तेथील राजाचे नाव झंझ देतो. हा ठाण्याच्या शिलाहारांपैकी. आता दोन स्वरांमध्ये सापडलेल्या मकाची मराठीत काय गती होते ती पाहा: ग्रामाचा गाव झाला, नामाचे नाव झाले, गोस्वामीचा गोसावी झाला, भूमीची तर भुई झाली. त्याच वाटेने चेमुलचे चेऊल व चेऊलचे चौल. चंपावती व रेवतीक्षेत्र ही नावे पुराणप्रिय मंडळींस गोड वाटतात आणि बलरामाच्या रेवतीवरून रेवदंडा अशी व्युत्पत्ती मला लहानपणी मामांनीच सांगितली होती. मामांच्या हयातीत मी ती खोडून काढली नाही. आता काढावयास हरकत नाही, पण हात होत नाही.

रामेश्वराचे दर्शन घेतले. समोर पुष्करणी, देवळात अग्नी, वायू व पर्जन्य अशी तीन कुंडे असून अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची चाल सांगतात. हिंगुळजेच्या व दत्ताच्या पायऱ्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी मंजूर केल्या नाहीत. हिंगुळजेचे मूळ ठाणे दूर बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावर. ती चौलच्या टेकडीवर कशी आली हे बंदरास विचारावे. खालूनच हात जोडले.

वाडीच्या फाटकापाशी मामेभाऊ उभा होता. छत्री घेऊन नव्हे. पण उभे राहण्याची तऱ्हा तीच.

वाचकहो, मी जी वाडी मनात घेऊन गेलो होतो ती अशी: भर दुपारी आत शिरले की दिवा लावावासा वाटे इतकी गर्द सावली, रहाटाची कुरकुर, मातीच्या लोट्यांतून पन्हळीत पडणारे पाणी, पाटाकाठी केळी, पोफळींवर चढलेले मिरीचे वेल. पोफळीची विरी गळून पडली की आम्हां भावंडांपैकी एकाने तीवर बसावयाचे व दुसऱ्याने ओढावयाचे. फाटकातून आत गेलो आणि डोक्यावर ऊन लागले. एवढेच सांगितले म्हणजे पुरे आहे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील हजारो वाड्या काही तासांत आडव्या केल्या, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण वर्तमानपत्रात ऊन लागत नाही. चारशेंवर पोफळी होत्या, त्यांतल्या साठेक उभ्या राहिल्या. सरकारी भरपाई पोफळीस झाडामागे ५० रुपये व नारळास २५० ठरली. पोफळ लावल्यापासून सुपारी धरावयास पाच ते सात वर्षे लागतात. वीत दीड वीत वाढलेल्या रोपांकडे पाहून वाट पाहावयाची आणि मध्ये पोटास काय खावयाचे?

“मुलगा म्हणतो, काढून टाका,” मामेभाऊ म्हणाला. “दलाल महिन्यातून दोनदा येतो. शेजारच्या वाडीत आता पोहण्याचा हौद झाला आहे, पाहिलास ना?”

“मग हक्कसोडपत्र त्यासाठीच हवे?” मी विचारले.

तो जरा वेळ बोलला नाही. मग विहिरीमागे घेऊन गेला. तेथे सावलीसाठी झावळ्यांचा मांडव घातला होता व खाली काळ्या पिशव्यांतून श्रीवर्धनी सुपारीची रोपे ओळीने ठेविली होती. “दीडशे आहेत,” तो म्हणाला. “लावायची, पंप बदलायचा, कुंपण घालायचे, तर बँकेचे कर्ज हवे. बँक म्हणते, सातबाऱ्यावर दुसरी नावे नकोत. आणि विकायचे झाले तर दलालही हेच म्हणतो. कागद एकच आहे.”

“आणि तुझा विचार?”

“अजून ठरलेला नाही. खोटे कशाला सांगू? वय तुझ्याइतकेच आहे माझे.”

आयुष्यभर मी मुलांना उत्तराआधी कारण विचारीत आलो. येथे कारण कळावयाचे नव्हते आणि सही मागितली जात होती. वहिनी पानाचे तबक घेऊन आल्या. त्यात सुपारी घरचीच होती, आईच्या डब्यात असे तीच, पांढरी व मऊ. मी म्हटले, माझी सही देतो, वाटा नको. पुढे तू लाव की विक, ते मला विचारू नकोस. बंधूंचे मात्र मी सांगू शकत नाही. तो ‘बरे’ म्हणाला. आभार मानण्याची रीत आमच्यात नाही. निघताना त्याने मोटारीच्या मागील भागात बारा रोपे ठेविली व वर ओले गोणपाट घातले.

घरी येऊन सर्व हकीगत सांगितली. धाकटे बंधू ऐकून घेऊन म्हणाले, “दादा, तुम्ही दिलीत ती तुमची सही.” ह्यात राग होता की हिशेब, हे मी ठरवू शकलो नाही. रोपे परसात पाण्याच्या वाटेवर सावलीत ठेविली आहेत. पावसाच्या तोंडाशी लावावयाची. परवा सकाळी पाहतो तो बंधू तांब्याने त्यांस पाणी घालीत होते. मला पाहून त्यांनी विचारले, सुपारी धरावयास किती वर्षे म्हणालात? मी सांगितले. त्यांनी उरलेले पाणी शेवटच्या पिशवीत ओतले आणि फीची तारीख पाहावयास आत गेले.