पाटीवरचा एक शब्द

मध्यंतरी आमच्या वस्तीतल्या एका ताईंना मध्यरात्री पोटात असह्य कळा सुरू झाल्या. सरकारी रुग्णालयात गर्दी फार, म्हणून घरच्यांनी खासगीत नेले. तिथे आधी अनामत मागितली. मंगळसूत्र गहाण ठेवून ती भरली.

सकाळी आम्ही भेटायला गेलो, तर दारावरच्या पाटीत 'धर्मादाय' हा शब्द दिसला. पिवळे रेशनकार्ड जोडून आम्ही अर्ज केला. तीन खेटे घातल्यावर अनामत परत मिळाली. गहाणाचे व्याज मात्र गेलेच.

सरकारीत रांग मोठी, काही औषधांची चिठ्ठी बाहेरची. हे आम्हीही भोगले आहे. पण राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. खासगीत खाट लवकर मिळते, पण बिलाखाली घर दबते.

धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाची 2006 ची योजना लागू आहे. 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. तातडीच्या वेळी अशा रुग्णांकडून अनामत घेता येत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आजच एका पिशवीत ठेवा. रुग्णालयात समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. नकार मिळाला, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. खाट मागताना मान खाली घालू नका. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.