वारुळाविना वाल्मीकी

प्रेरणा ही चीज पूर्वी भारी महाग होती. वाल्या कोळ्याला ती मिळायला साक्षात नारद गाठ पडावा लागला, आणि मिळाल्यावरही अंगावर वारूळ चढेपर्यंत एकच नाव घोकत बसावं लागलं. आता ती अठरा मिनिटांत मिळते. तीही घरबसल्या, मोबाईलवर, वरणभात कालवता कालवता. नारदाचं खातं हल्ली ‘टेड’कडे आहे. वारुळाचं खातं मात्र कुणीच उघडत नाही, आणि माझं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

हे टेड प्रकरण ज्यांना ठाऊक नसेल (असे भाग्यवान अजून असतील!) त्यांच्यासाठी सांगतो. १९८४ साली अमेरिकेत रिचर्ड सॉल वर्मन या वास्तुशिल्पकाराच्या पुढाकारानं तंत्रज्ञान, करमणूक आणि डिझाइन अशा तिन्हींची मिळून एक परिषद भरली. पुढे वक्त्याला मिनिटं ठरली अठरा. २००६ पासून ही भाषणं इंटरनेटवर फुकट मिळू लागली. मी पडलो बी.कॉम.; ‘फुकट’ हा शब्द कानावर आला की खर्च कुणाच्या नावे पडला, ते आधी बघतो.

सर्वांत गाजलं ते सर केन रॉबिन्सन यांचं २००६ सालचं भाषण. विषय : शाळा सर्जनशीलता मारतात का? माणूस बोलायला मोठा गोड. त्यात ते जिलियन लिनची गोष्ट सांगतात. वर्गात सारखी चुळबुळ करणारी पोर. आई तिला डॉक्टरकडे नेते. डॉक्टर रेडिओ लावून आईला खोलीबाहेर नेतात, आणि इकडे पोर उठून नाचायला लागते. डॉक्टर म्हणतात, हिला काही झालेलं नाही, नाचाच्या शाळेत घाला. पुढे याच बाईंनी ‘कॅट्स’ या गाजलेल्या संगीतिकेची नृत्यं बसवली.

गोष्ट ऐकून माझेही डोळे ओलावतात. पण डॉक्टर काय म्हणाले? शाळेत घाला! शाळेतून काढा, असं नव्हे. नाचाची शाळा ही शेवटी शाळाच. तिथंही दांडा धरून रोज तेच ते पाय वरखाली करावे लागतात. घोकंपट्टीच ती, फक्त पायांची! आमच्या मेहुण्यांनी मात्र भाषण संपायच्या आत चिरंजीवांचे पाढे बंद केले. पाढ्यांनी प्रतिभा मरते म्हणे. प्रतिभा अजून उगवायची आहे. तोवर भाचा वाण्याला शंभराची नोट देतो आणि वाणी देईल ते सुटे मुकाट्यानं खिशात घालतो.

दुसरे सुगत मित्रा. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत, झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत त्यांनी संगणक बसवला आणि पोरं मास्तरावाचून तो चालवायला शिकली. २०१३ साली त्यांना टेडचं दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. पोरांचं मला कौतुकच आहे. पण टाळ्या वाजवणारे लगेच हिशेब मांडतात : मग मास्तर हवाय कशाला? पायल अरोरा या अभ्यासक बाई अल्मोड्याकडे हवालबागला जाऊन आल्या. २०१० साली त्यांनी लिहिलं, तिथं भिंतीत उरली होती ती नुसती भोकं, संगणक गायब. अहो, संगणकावर पोरं आपोआप शिकतील. संगणक आपोआप दुरुस्त थोडाच होतो? मास्तरांची रिकामी जागा भरण्यापेक्षा भिंतीला भोक पाडणं स्वस्त, हे ज्या कारभाऱ्याच्या ध्यानात आलं त्याला आणखी प्रेरणेची गरज नाही.

आता डिझाइन. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात सर्वांत जास्त भाव कुणी खाल्ला असेल? लोट्यानं! म्हणजे आपल्या तांब्यानं. आणि हा कुणा एका माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या घडत आलाय, हे त्यांनी ओळखलं. पिढ्यान्‌पिढ्या म्हणजे काय? तर बाप तांबट, पोरगा तांबट, नातू तांबट, आणि तेच ठोके! हेच ते वारूळ. यातला एकही तांबट मंचावर चढून ‘माझा प्रवास’ सांगायला गेला नाही. गेला असता तर आज आपण ओंजळीनं पाणी पीत असतो.

प्रेरणेची ही लाट बँकेतही येते. मध्यंतरी आमची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. भिंतीला रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि ‘चौकटीबाहेर विचार करा’ हा मंत्र जपायचा. कॅशवर बसणाऱ्याला हा उपदेश? चौकटीबाहेर विचार करणारा कॅशियर संध्याकाळी चौकीत सापडतो!

त्याच कार्यशाळेत डोनाल्ड नॉर्मन यांचं नाव निघालं. १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात ते म्हणतात की दार ढकलायचं की ओढायचं हे चुकलं, तर दोष माणसाचा नव्हे, दाराचा. हे मला शंभर टक्के पटलं. म्हणून मी पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं : ‘पैसे काढायच्या स्लिपवरचे चौकोन मोठे करा.’ पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजींचा थरथरता आकडा त्या चौकोनात मावत नाही. तो शेजारच्या घरात घुसतो, स्लिप बाद होते, आजी पुन्हा रांगेत. चौकटीबाहेर जाणारं आमच्या शाखेत तेवढं एकच माणूस आहे, आणि त्याला आम्हाला ‘आजी, चौकटीत लिहा हो!’ म्हणून ओरडावं लागतं.

माझी चिठ्ठी नापास झाली. कल्पना पुरेशी ‘भव्य’ नाही म्हणे.

तर प्रेरणावाल्यांना माझी एकच विनंती. पुढच्या खेपेला वक्ता आणू नका. पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेत या, त्या आजींच्या हाती स्लिप आणि दोरीला बांधलेलं पेन द्या, आणि अठरा मिनिटं गप्प उभं राहून नुसतं बघा.