आधी प्रश्न नीट वाचा



आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच आरोपी आहे. कुणाच्या स्कूटरचं ॲव्हरेज घसरलं, कुणाची मोटरसायकल सकाळी किका मारून दमवते, कुणाच्या गाडीचा पाइप झिरपतो. उत्तर ठरलेलं, "इथेनॉल!" आमची जुनी पद्मिनी गचके खायला लागली तेव्हा मीही तेच उत्तर लिहून मोकळा झालो होतो. छत्तीस वर्षं मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असं बजावणारा मी, स्वतःच प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं. म्हणून आज हा लेख.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. १९९५ मध्ये फंडातून पैसे काढून सेकंडहँड घेतली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, डॅशबोर्डवर ओढायचा चोक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा चिरंजीवांचा फोन आला, "बाबा, आता तुम्हीही काढून टाका." मी हसून टाळलं. पण २०२५ च्या दिवाळीत हसण्यासारखं काही राहिलं नाही. साताऱ्याबाहेर सर्व्हिस रोडवरून हायवेला लागत होतो. मागून ट्रक येत होता, पण भरपूर लांब. मी पाय दाबला आणि गाडीनं जीवच सोडला. सेकंद-दीड सेकंद काही नाही, मग एक गचका, आणि मग नेहमीसारखी पळायला लागली. तेवढ्या वेळात ट्रकचा हॉर्न कानाशी आला होता. घरी पोचल्यावर आमची सौ. शांतपणे म्हणाली, "मी आता या गाडीत बसायची नाही." तीस वर्षांत तिनं असं कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या तरुण मुलानं बॉनेट उघडलं, मिनिटभर पाहिलं आणि निकाल दिला, "सर, इथेनॉलनं कार्ब्युरेटर खाल्ला. नवा टाका, नाहीतर गाडी काढा." इंजिन कधी अडखळतं, गार असताना की गरम, चढावर की सपाटीवर, यातलं काही त्यानं विचारलं नाही. त्याला काय बोलू? मी तरी कुठे विचारलं होतं? घरी येऊन मी स्वतः मिक्श्चरचा स्क्रू फिरवला, प्लग बदलले, डेल्को थोडा सरकवून टायमिंगही बदललं. सगळं एकाच दुपारी. गाडी आणखी बिघडली, आणि कशामुळे बिघडली हे कळायला मार्ग उरला नाही.

मग आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींना गाठलं. ते आता काम करत नाहीत, पण ओट्यावर बसून सल्ला देतात. त्यांनी आधी मला प्लग आणि टायमिंग होतं तसं करायला लावलं, स्क्रूही मूळ जागी आणला आणि म्हणाले, "सर, चार दिवस गाडीला हात लावू नका. नुसती चालवा, आणि ती कधी अडते ते वहीत लिहा."

मला तर वहीचीच सवय. चार दिवसांत नोंदी झाल्या. रिकाम्यावर इंजिन ठीक चालतं. साठच्या वेगानं सरळ रस्त्यावर ठीक. यवतेश्वरचा घाट तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर न थांबता चढली. गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, लगेच लागलं. अडखळते ती फक्त पाय एकदम दाबला त्या क्षणी. हळूहळू दाबला तर नाही. आणि चोक बोटभर ओढून ठेवला तर अडखळणं निम्म्यानं कमी.

मिस्त्रींनी वही वाचली आणि म्हणाले, "आता अर्धं काम झालं." का, ते त्यांनी मला समजावलं. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

लांब चढावर गाडी दबत असेल तर पेट्रोल पुरत नाही असं समजावं. मग फिल्टर, फ्लोटची पातळी, मेन जेट आणि इंजिनावरचा पंप पाहावा. तेही उघडायच्या आधी टाकीचं झाकण सैल करून बघावं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल ओढलंच जात नाही. भर उन्हात थांबून पुन्हा निघताना त्रास होत असेल तर पाइपात पेट्रोलची वाफ धरली असणार. पूर्वी घाटात लोक पंपावर ओलं फडकं टाकायचे ते त्यासाठीच. रिकाम्यावरच थरथरत असेल तर आयडल जेट, किंवा कार्ब्युरेटरच्या खालच्या पॅकिंगमधून आत शिरणारी हवा. आणि या सगळ्याच्या आधी सीबी पॉइंट आणि प्लग. कार्ब्युरेटरच्या नावावर येणारी निम्मी दुखणी करंटची असतात, असं मिस्त्री म्हणतात. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर कमी. माझे पॉइंट साफ होते, प्लगची टोकं किंचित पांढरट.

माझ्या गाडीचं अडखळणं यातल्या कशात बसत नव्हतं. पाय एकदम दाबला की झडप उघडते, हवा हलकी म्हणून झटकन आत धावते, पेट्रोल जड म्हणून मागे राहतं. त्या क्षणापुरतं मिश्रण फार पातळ होतं. ती उणीव भरून काढायला कार्ब्युरेटरात एक छोटा पंप असतो, ॲक्सिलरेटर पंप. पाय दाबताच तो पेट्रोलची एक पिचकारी मारतो. चोक ओढल्यावर बरं वाटणं म्हणजे मिश्रण पातळ असल्याची खूण, आणि फक्त पहिल्या क्षणी अडणं म्हणजे या पिचकारीवर संशय.

परीक्षा अगदी सोपी. इंजिन बंद आणि गार, एअर क्लीनर काढलेला, जवळपास विडी-काडी नाही. बॅटरीच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहायचं आणि हातानं थ्रॉटल उघडायचा. त्याच क्षणी बारीक, सरळ धार दिसली पाहिजे. माझ्या गाडीत आधी काहीच नाही, मग दोन थेंब. उघडून पाहिलं तर पंपाचा डायफ्राम जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा कडक झालेला, आणि फ्लोटच्या भांड्यात तांबूस गाळ. नवा डायफ्राम, पॅकिंगचा सेट, नवा फिल्टर आणि सगळे रबरी पाइप, एवढ्यावर भागलं. कार्ब्युरेटर तोच आहे.

आता आरोपीकडे वळतो. इथेनॉल निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर यायला लागलं, आणि २०२५ मध्ये सरकारनं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. नव्या गाड्यांत हे ओळखून जास्त इंधन सोडणारा सेन्सर असतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक मात्र जेवढं तेवढंच, म्हणून मिश्रण थोडं पातळ पडतं. माझे पांढरट प्लग कदाचित तेच सांगत होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गाळ सोडवतं, आणि जुन्या जातीच्या रबराला मानवत नाही.

पण माझा डायफ्राम २००९ साली बसवलेला होता. करोनापासून गाडी महिनोन्‌महिने उभी असायची, टाकी निम्मी रिकामी. त्याला इथेनॉलनं कडक केलं, वयानं की माझ्या आळसानं? मला वाटतं तिघांनीही. आणि सगळा दोष इथेनॉलचाच असता, तरी "इथेनॉल" या एका शब्दानं गाडी दुरुस्त झाली नसती. पिचकारी पाहावीच लागली असती.

मला खटकतं ते हेच. खापर फोडायला एक डोकं सापडलं की आपण शोधायचं थांबतो. गॅरेजवाला सुटतो, मालक सुटतो, आणि ज्यांनी हे पेट्रोल आणलं तेही सुटतात. कारण नुसत्या ओरडण्याला कुणी उत्तर देत नाही. "जुन्या गाडीच्या मालकानं कोणते पाइप बदलावेत, गाडी उभी ठेवायची असेल तर काय करावं, हे प्रत्येक पंपावर मराठीत मोठ्या अक्षरांत का लावलेलं नाही?" असं विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल. ती पाटी असायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या भागातली कितीतरी मुलं उसाच्या पैशावर शिकली, त्यांतली बरीच माझ्या वर्गात होती. उसापासून इथेनॉल होऊन शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर मला आनंदच आहे. पण ज्याच्या टाकीत ते जातं त्याला नीट सांगायला काय हरकत आहे?

असो. गाडी दुरुस्त झाल्यावर मी सौ.ला आग्रह केला नाही. आठवडाभर एकटाच त्याच जागेवरून हायवेला लागत होतो, रोज वहीत लिहीत होतो, "अडखळली नाही." आठव्या दिवशी वही टेबलावर उघडी राहिली होती. संध्याकाळी चपला घालून ती दारात उभी. म्हणाली, "चला, बोगद्यापर्यंत जाऊन येऊ. हायवेला नको, अजून नको."

मी म्हटलं, बरं. प्रश्न तिचा होता, आणि त्याचं उत्तर मी लिहिणं बरोबर नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाकडे जुनी गाडी उभी असेल तर आधी एक वही घ्या. आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा.