शाळेच्या वहीवर सही करण्याआधी



कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी शाळा, अंगणवाडी आणि वाचनालयाची उठाठेव कशाला करायची, असे या वेळच्या जिल्हा बैठकीची विषयपत्रिका पाहून काही कार्यकर्त्यांनी विचारले आहे. विचारणे बरोबर आहे. घामाचे दाम मिळाले तर शेतकरी आपली पोरे हव्या त्या शाळेत घालील, हे आम्ही सांगत आलो आणि पुढेही सांगू. पण भाव मिळेपर्यंत सहा वर्षांचे पोर सहाच वर्षांचे राहत नाही.

शिवाय गावची शाळा ही सरकारची मेहेरबानी नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात हाच हिशेब मांडला होता : महसूल रयतेच्या कष्टातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. त्या काळी शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई. आज सारा नावापुरता उरला, पण डिझेलपासून फवारणीच्या पंपापर्यंत जे विकत घेतो त्यात कर भरूनच घेतो. पैसा आपला असेल तर हिशेबही आपणच विचारायचा.

‘लोकसहभाग’ हा शब्द अलीकडे प्रत्येक परिपत्रकात असतो. सरकारी भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की भिंत रंगवा, कुंपण घाला, वर्गणी काढा. २०२३ साली तर राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना काढली. ठरलेली देणगी दिली की देणगीदाराचे नाव शाळेला जोडता येते. ज्या गावाने शाळेला जागा दिली, श्रमदान केले, त्या गावाच्या नावाला मात्र भाव नाही!

आमचा अर्थ वेगळा आहे, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे, अनुदानाचा खर्च तपासणे ही समितीची कामे. गावोगाव काय दिसते? मुलाच्या दप्तरातून इतिवृत्ताची वही घरी येते, आई चुलीपुढे बसल्या बसल्या सही करते, आणि वही दप्तरातूनच परत जाते. सभा झाली!

त्या वहीत काय असते ते बघा. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे संयुक्त अनुदान १०,००० रुपये आहे. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे शाळेचे वर्ष जेमतेम सव्वा क्विंटल कापसावर काढायचे. ही रक्कम पुरते का, वेळेवर येते का आणि कशावर जाते, हे विचारायला पदवी लागत नाही. आडत्याची पट्टी वाचणाऱ्याला हेही वाचता येते.

आता वेचणीचे. भावातून मजुरी निघत नाही म्हणून घरची पोरे ओटी बांधतात. भाव आणि शाळा यांचे नाते इथे सरळ दिसते. पण ज्या घरी पोर वेचणीला जात नाही तिथेही मोठी मुलगी शाळा बुडवते, कारण धाकट्याला सांभाळायला कुणी नसते. आई उजाडताच रानात, आणि अंगणवाडी उघडते उन्हे चढल्यावर. म्हणजे चौथीच्या मुलीची गैरहजेरी अंगणवाडीच्या वेळापत्रकात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे ते कोसबाडला गेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेने अंगणवाडीचे नाव घेतले, मुलांच्या सोयीने चालायची रीत मात्र तिथेच राहिली. यात सेविकेला दोष देऊ नका. तिच्याकडे नोंदवह्यांचा ढीग आणि हाती तुटपुंजे मानधन. वेचणीच्या दिवसांत वेळ बदलून मागायची ती प्रकल्प कार्यालयाकडे, ग्रामसभेचा ठराव करून. ज्वारी पहिला महिना-दीड महिना तणात राहिली तर नंतर कितीही खुरपा, उतारा भरून येत नाही. तीन ते सहा वर्षांच्या पोराचे तेच.

शाळेचेही वेळापत्रक मागता येईल, पण दिवस कमी करून नव्हे. पाचवीपर्यंत वर्षाला २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे, तो कायदा आहे. वेचणीत हजेरी पडते, हजेरी पडली की नाव कमी होते, आणि पट उतरला की शाळा कुणाच्या तरी यादीत जाते. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय राज्याने घेतला होता. राज्याच्याच नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नाला ओलांडून जायची वेळ आली की आधी मुलींची शाळा सुटते. शाळा हलवण्याचा कागद उद्या त्या दप्तरातल्या वहीत आला, तर खाली सही तयारच असेल.

वाचनालयाबद्दल थोडे. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१० पासून गावोगाव वाचनालये काढली. गावाने जेवढे पैसे जमवले तेवढेच प्रांत पंचायतीने आणि तेवढेच संस्थानाने घालायचे. तिसरा हिस्सा गावाचा, म्हणून किल्लीही गावाची. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ ते ड असे वर्ग आहेत, अनुदान आहे. कुलूपही पुष्कळ ठिकाणी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डब्यावरच्या लाल, पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ सांगणारा तक्ता ज्या वाचनालयात नाही, तिथे कादंबऱ्यांच्या कपाटाचे कौतुक आम्हांला कमीच.

बैठकीला येताना प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने समितीच्या शेवटच्या तीन सभांच्या इतिवृत्ताची नक्कल आणावी. मुख्याध्यापकांशी भांडायचे नाही, नक्कल मागायची. तेही या कारभाराला आपल्याइतकेच कंटाळले आहेत. मायबहिणींपैकी ज्या समितीवर आहेत त्यांनी स्वतः यावे, घरधन्याला पाठवू नये. शाळेचा पट किती, वेचणीच्या महिन्यांत हजेरी किती, अंगणवाडी किती वाजता उघडते आणि वाचनालयाची किल्ली कुणाच्या घरी असते, एवढे विचारून या.