बुडालेल्या बँकेची कर्जे आमच्या दुरुस्ती निधीतून फेडून घेऊ नयेत : पाचवे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय
(मा. केंद्रीय अर्थमंत्री व मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य यांच्याकडे अग्रेषित होण्यासाठी)

विषय : निर्बंध आलेल्या नागरी सहकारी बँकेत अडकलेल्या गृहनिर्माण संस्थांच्या ठेवींना सभासदनिहाय विमासंरक्षण मिळणेबाबत व विलीनीकरणात या ठेवींचे शेअर्समध्ये रूपांतर न करणेबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची चार निवेदने. (पोच चारही निवेदनांची आहे, उत्तर एकाचेही नाही.)

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, या बँकेत ठेवी असलेल्या गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी व सभासद, आपणांस नम्रपणे हे पाचवे निवेदन सादर करीत आहोत. पहिल्या निवेदनानंतर ‘पंधरा दिवसांत बैठक लावतो’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी ‘दिवाळीपूर्वी मार्ग निघेल’ असे आश्वासन मिळाले. ती दिवाळी झाली, त्यानंतरचीही झाली. तिसऱ्या व चौथ्या वेळी विलीनीकरण ‘अंतिम टप्प्यात’ असल्याचे कळवण्यात आले. हा टप्पा किती लांबीचा असतो, हे कृपया या वेळी तरी लेखी कळवावे.

बँकेवरील निर्बंध, ठेवविम्याची मर्यादा, विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद हे सारे आपल्या कार्यालयाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. ते पुन्हा लिहून आपला वेळ घेत नाही. आमचे दुखणे काय आहे ते मात्र पुन्हा लिहावे लागते आहे, कारण ते अद्याप कोणी वाचलेले दिसत नाही.

आमच्यापैकी एका संस्थेचे उदाहरण देतो. प्रस्तुत निवेदन लिहिणारा त्या संस्थेचा सचिव आहे, म्हणून हिशेब पैशापैशासकट माहीत आहे. इमारत १९८४ ची, सदनिका चाळीस. राहणारे बहुतेक गिरणी, एसटी, शाळा आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले. गेली वीस-बावीस वर्षे दरमहा देखभाल खर्चासोबत प्रत्येक घराने सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी भरला. ज्यांना जमले नाही त्यांनी दोन हप्त्यांत भरला, पण भरला. तो पैसा मुदत ठेवीत होता, आणि बँकेची शाखा आमच्याच रस्त्यावर, वाण्याच्या दुकानापलीकडे होती. बँकेला लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग होता. तो वर्ग पाहूनच सर्वसाधारण सभेने ठराव केला. सहकारी संस्थेने सहकारी बँकेत पैसा ठेवावा हे आम्हाला सहकार खात्यानेच आजवर शिकवले.

निर्बंध आले त्या दिवशी व्याजासह ठेव होती ४५ लाख रुपये. विम्याचे ५ लाख मिळाले. वेळेत मिळाले, याबद्दल तक्रार नाही. उरलेले ४० लाख अडकले. चाळीस घरांनी भागले तर घरामागे बरोबर एक लाख.

आता महोदय, आमचा खरा प्रश्न इथे आहे. हेच ४५ लाख या चाळीस कुटुंबांनी एकत्र न ठेवता आपापल्या नावावर ठेवले असते, तर प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख १२ हजार ५०० रुपये आले असते, आणि ज्यांची दुसरी ठेव तिथे नव्हती त्यांचा सगळा पैसा विम्यात बसून परत मिळाला असता. पण आम्ही संस्था केली, निधी एकत्र ठेवला, ठराव लिहिले, लेखापरीक्षण करून घेतले. म्हणून चाळीस घरे मिळून ‘एक ठेवीदार’ ठरलो आणि चाळीस घरांना मिळून एका माणसाइतका विमा मिळाला. सहकाराचा नियम पाळल्याची ही शिक्षा आहे असे आम्ही म्हटले तर ते उद्धटपणाचे समजू नये. दुसरा शब्द सापडत नाही.

या पैशाचे काम काय होते तेही लिहितो. तीन वर्षांपूर्वीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारतीला तातडीची दुरुस्ती सांगितली आहे. महापालिकेची नोटीस आलेली आहे. पार्किंगमधील चार खांबांचे प्लास्टर सुटून सळया उघड्या पडल्या आहेत, त्यांना लोखंडी टेकू लावले आहेत, आणि त्या टेकूंचे भाडेही दरमहा जाते. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर छतातून पाणी ठिबकते, तिथे बादली ठेवलेली असते, आणि ती रिकामी करण्याची पाळी घरोघर लावून दिली आहे. लिफ्ट बंद आहे. चौथ्या मजल्यावरील एका सभासदांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून दोन मुले खाली आणतात व तसेच वर नेतात. मुले परीक्षेला गेली की तिसऱ्या मजल्यावरचे साठी उलटलेले गृहस्थ एक बाजू धरतात. नवी लिफ्ट या निधीतूनच बसायची होती. कंत्राटदाराचे दरपत्रक मंजूर होऊन फायलीत आहे. ते दर आता उरलेले नाहीत.

शेवटी मागील वर्षी सर्वसाधारण सभेने प्रत्येक घरामागे एक लाख रुपये नव्याने गोळा करण्याचे ठरवले. म्हणजे भरलेलेच पैसे पुन्हा भरायचे. चौदा घरांनी भरले आहेत, बाकीच्यांना ते शक्य नाही. भरणाऱ्यांत दोन कुटुंबे अशी आहेत की त्यांनी सदनिका बँक बंद पडल्यानंतर विकत घेतली. त्यांचा त्या बँकेशी आयुष्यात संबंध आला नव्हता. ज्या कर्जदाराने बँक बुडवली त्याचा लाखाचा वाटा आज ही दोन कुटुंबे उचलत आहेत. कुणाची म्हैस, कुणाला उठबैस!

आता कर्जे कोणाची, हेही सांगायला हवे. थकलेल्या कर्जांतील मोठा भाग एकाच बांधकाम समूहाच्या वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांना दिलेला होता, हे बँकेच्या सभेत प्रशासनाकडूनच सांगण्यात आले. तेव्हा आमच्या खांबांचे पैसे दुसऱ्याच्या टॉवरमध्ये गेले. ते टॉवर उभे आहेत, त्यांत लोक राहतात, त्यांच्या लिफ्ट चालू आहेत.

बँक चालवणारे संचालक आम्ही निवडले नव्हते. नागरी बँकेत मत असते भागधारक सभासदाला, आणि कर्ज घ्यायचे तर भाग घ्यावेच लागतात. नुसत्या ठेवीदाराला मत नसते. कर्जदारांनी निवडलेल्या संचालकांनी कर्जे दिली आणि ती बुडाल्यावर फेडायची वेळ आली तेव्हा ज्यांना मतच नव्हते त्यांची आठवण झाली.

आमची धास्ती निराधार नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. तिथेही कर्जांचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो हजारो बनावट खात्यांमागे झाकलेला होता. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक एका लघु वित्त बँकेत विलीन झाली. वैयक्तिक ठेवीदारांना पाच लाखांवरची रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळेल असे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरील रकमेपैकी ८० टक्के मात्र वर्षाला एक टक्का लाभांशाच्या कायमस्वरूपी प्राधान्य शेअर्समध्ये आणि उरलेली रक्कम इक्विटी वॉरंटमध्ये वळवण्यात आली. ‘संस्थात्मक’ या एका शब्दात मोठ्या कंपनीबरोबर गृहनिर्माण संस्थाही भरडली गेली. खांबाला सिमेंट लागते. कायमस्वरूपी प्राधान्य शेअर देऊन कोणता कंत्राटदार सिमेंट आणतो?

आमच्या बँकेच्या विलीनीकरणाचा मसुदाही याच धर्तीवर होत असल्याची चर्चा आहे. ती खोटी असेल तर आपण एका ओळीने खोडून काढावी. आम्ही आपले आभार मानू.

ठेवीदाराच्या पैशातून बुडालेल्या वित्तसंस्थेचे नुकसान भरून काढण्याची तरतूद २०१७ च्या वित्तीय तोडगा व ठेव विमा विधेयकात होती. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्या वेळी सामान्य ठेवीदाराला निर्धास्त राहण्यास सांगण्यात आले होते. संसदेच्या दारातून जे परत नेले ते विलीनीकरण योजनेच्या खिडकीतून आत आले, असे आम्हाला दिसते. आमच्या समजुतीत चूक असल्यास दाखवून द्यावी.

दुसरीकडे, मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली तेव्हा निर्बंध दोन आठवड्यांच्या आत उठले. स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातले आणि ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. तोटा जोखमीच्या रोख्यांवर गेला. ८,४१५ कोटींचे ते रोखे शून्य करण्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये लक्ष्मी विलास बँक दहा दिवसांत डीबीएसमध्ये विलीन झाली, तिथेही ठेवी सुरक्षित राहिल्या आणि भागधारकांचे भाग गेले. हे योग्यच झाले. ज्याने जोखीम घेतली त्याने सोसावे. आमच्या संस्थेने कोणती जोखीम घेतली होती? सहकारी बँकेचा ठेवीदार आणि खासगी बँकेचा ठेवीदार यांत एवढा जातिभेद का?

आमच्या समितीतील काहींनी सुचवले की सरकारने तिजोरीतून पैसे द्यावेत अशी मागणी करावी. बराच वाद झाला आणि आम्ही ती मागणी करीत नाही, याची कृपया नोंद घ्यावी. तिजोरीतून दिले म्हणजे आमच्यासारख्याच दुसऱ्या माणसाच्या खिशातून दिले. २००८ मध्ये आइसलँडमधील एक खासगी बँक बुडाली. ब्रिटन व नेदरलँड्सच्या सरकारांनी आपापल्या ठेवीदारांचे पैसे आधी देऊन टाकले आणि मग ती रक्कम आइसलँडच्या करदात्यांकडे मागितली. मार्च २०१० च्या सार्वमतात तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला, २०११ मध्ये दुसऱ्यांदा नकार दिला आणि जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाचा निकालही आइसलँडच्या बाजूने लागला. पुढे त्या बुडालेल्या बँकेच्याच मालमत्तेच्या वसुलीतून ते दावे फिटले. आम्ही तिथे असतो तर ठेवीदारांच्या बाजूला असतो, हे आम्हाला कळते. पण ठेवीदार ताटकळला नाही, करदाताही भरडला नाही आणि पैसे बँकेच्या मालमत्तेतून निघाले, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे. आमच्याकडे मालमत्तेला हात लागत नाही, कारण तारखा पडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मात्र तारीख लागत नाही.

सबब आमच्या मागण्या अशा :

गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती निधीच्या व सिंकिंग फंडाच्या ठेवीवर विमा मोजताना संस्थेला एक ठेवीदार न धरता सभासद कुटुंबांच्या संख्येप्रमाणे तो मोजावा आणि फरकाची रक्कम द्यावी. सभासदांची यादी, नोंदवही व लेखापरीक्षण अहवाल द्यायला आम्ही आज तयार आहोत. हे नियमात बसत नाही असे उत्तर असेल तर नियम बदलण्याची शिफारस आपल्या स्वाक्षरीने दिल्लीला पाठवावी. विम्याची मर्यादा १९९३ पासून २०२० पर्यंत एक लाखावरच अडून होती, ती शेवटी पाच लाख झालीच. ठेवीदार बोलले म्हणूनच ती हलली.

विलीनीकरणाची कोणतीही योजना आली तरी गृहनिर्माण संस्थांना ‘संस्थात्मक’ या गटातून वगळावे आणि त्यांच्या ठेवीचे शेअर, वॉरंट वा कोणत्याही कागदात रूपांतर करू नये.

संचालक व मोठ्या थकबाकीदारांवरील चौकशीचा अहवाल जाहीर करावा व जप्त मालमत्तांच्या लिलावाच्या तारखा ठरवाव्यात. अहवाल तयार असल्याचे दोनदा सांगण्यात आले आहे.

महापालिकेची दुरुस्ती नोटीस असलेल्या संस्थांना अडकलेल्या रकमेतून थेट कंत्राटदाराच्या नावे उचल मिळावी.

ठेवीदारांचा एक प्रतिनिधी प्रशासक मंडळाच्या बैठकीला असावा.

पासबुके भरून मिळावीत.

पहिल्या मागणीवर आपल्या दालनात बैठक व्हावी आणि तिचे इतिवृत्त लेखी मिळावे, ही विनंती. तोंडी आश्वासन या वेळी आम्ही घेणार नाही. पंधरा दिवसांत बैठकीची तारीख न कळवल्यास सोळाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही आपल्या कार्यालयाच्या आवारात शांततेने बसू. चौथ्या मजल्यावरील सभासदांनी आपणही येणार असल्याचे सांगितले आहे. त्यांना खुर्चीतूनच आणावे लागेल, म्हणून प्रवेशद्वाराजवळ जागा मिळावी.

कळावे,
आपले विश्वासू,
सचिव,
ठेवीदार गृहनिर्माण संस्थांच्या समितीकरिता
(सोबत सभासदांच्या सह्यांची पाने)

सोबत : १) स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत. २) महापालिकेच्या नोटिसीची प्रत. ३) मुदत ठेव पावत्यांच्या प्रती. ४) चार निवेदनांच्या शिक्का मारलेल्या पोच.