विश्लेषण : थंड देशात नवे घर; ऊब गॅसची की हीट पंपाची?

नोकरीनिमित्त जर्मनीत गेलेली अनेक मराठी कुटुंबे आता तिथे स्वतःच्या घराचा विचार करू लागली आहेत. पुण्या-मुंबईत घर घेताना कधीच न पडणारा प्रश्न तिथे पहिल्याच बैठकीत समोर येतो : घर तापवायचे कशाने? पारा उणे 10 अंशांपर्यंत उतरू शकतो अशा हिवाळ्यात ही चैन नव्हे, गरज आहे. शिवाय आजच्या निर्णयाचे बिल पुढची 20 वर्षे भरावे लागते.

गॅसवरचा भरवसा का डळमळला?

जर्मनीतील जुन्या घरांमध्ये गॅस बॉयलर सर्रास दिसतो. पण 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले आणि गॅसचे दर भडकले. त्याआधीच, 2021 पासून, इंधनावर कार्बन शुल्क लागू झाले होते. टनाला 25 युरोपासून सुरू झालेले हे शुल्क 2025 मध्ये 55 युरोवर गेले. 1 जानेवारी 2024 पासून नव्या वसाहतींतील घरांसाठी 65 टक्के नवीकरणीय ऊर्जेची अटही आली. त्यावरून मोठे राजकीय वादळ उठले. सरकारे बदलली की नियम बदलतील, घर मात्र तेच राहील. म्हणून निर्णय हिशेब पाहून घेतलेला बरा.

हीट पंप कसा चालतो?

आपला एसी खोलीतील उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप उलट काम करतो : बाहेरच्या हवेतील किंवा जमिनीतील उष्णता आत आणतो. उणे तापमानातही हवेत उष्णता असतेच. वीज लागते ती केवळ ती ओढून आणायला. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता मिळू शकते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटते, तरी नॉर्वेसारख्या देशात दर 100 कुटुंबांमागे सुमारे 60 हीट पंप आहेत.

मग बिल कमी येते का?

येतेच असे नाही. घराला वर्षाला 8,000 युनिट उष्णता लागते असे धरू. बॉयलरला त्यासाठी साधारण 8,500 युनिट गॅस लागेल. एकास चार या प्रमाणात पंपाला 2,000 युनिट वीज पुरेल. पण विजेचे युनिट गॅसच्या तिप्पट महाग असेल, तर तो खर्च 6,000 युनिट गॅसइतका होतो. म्हणजे बचत आहे. प्रमाण एकास तीनवर आले, की दोन्ही खर्च जवळपास सारखे. एकास दोनवर घसरले, तर पंप तोट्यात.

हे प्रमाण कशावर ठरते?

मुख्यतः पाणी किती तापवावे लागते त्यावर. फरशीखाली नळ्या टाकल्या, तर 35 अंशांचे पाणी पुरते. लहान रेडिएटरना 60 अंश लागू शकतात आणि तिथे पंपाची दमछाक होते. हाच फरक भिंतींचाही. इन्सुलेशन चांगले असेल तर यंत्र छोटे चालते. गरजेपेक्षा मोठा पंप सतत चालू-बंद होऊन लवकर झिजतो.

काय करावे?

नव्या घरासाठी हीट पंपच योग्य, असे आमचे मत आहे. मात्र आधी भिंती आणि फरशी, मग यंत्र, या क्रमाने. सुरुवातीचा खर्च जास्त आहे, हे खरे. वीज गेली तर काय, ही शंकाही रास्त आहे; पण गॅस बॉयलरचा पंप आणि नियंत्रकही विजेवरच चालतात. करारावर सही करण्यापूर्वी बिल्डरकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : खोलीनिहाय उष्णतेच्या गरजेचा हिशेब, पाण्याचे कमाल तापमान आणि बाहेरच्या युनिटची जागा. शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीखाली ते बसले, तर आवाजावरून भांडण ठरलेले. फरशी एकदा बसली, की खालच्या नळ्यांचा विचार करायला फार उशीर झालेला असतो.