फोटो पाहिला, नकाशा पाहिला नाही

ओमायरा सांचेझचा फोटो तुम्ही बहुतेक पाहिला असेल. अधूनमधून तो फीडमध्ये येतो. गळ्यापर्यंत गढूळ पाण्यात अडकलेली १३ वर्षांची मुलगी, काळेभोर डोळे. तीन दिवस ती तशीच अडकून होती, मग गेली. हा फोटो काढणाऱ्या फ्रँक फूर्निएला वर्ल्ड प्रेस फोटोचा पुरस्कार मिळाला. खालच्या कमेंट्स ठरलेल्या: निसर्गापुढे माणूस काय चीज आहे! माझं भांडण या वाक्याशी आहे.

फोटो अर्मेरोचा आहे, कोलंबियातला. तिथून नदीच्या वाटेने ७० किलोमीटरहून जास्त अंतरावर नेवादो देल रुइझ हा सुमारे ५,३०० मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो लाव्हा पातळ होता, भेगांतून वाहिला आणि पसरला. रुइझची गोष्ट वेगळी. पॅसिफिकखालची नाझ्का प्लेट दक्षिण अमेरिकेखाली सरकते, तिच्यातलं पाणी वरच्या खडकात शिरतं, खडक वितळतो. तो मॅग्मा चिकट आणि वायूने भरलेला, म्हणून फुटतो. राख आणि लाव्हाचे थर एकावर एक चढत जाऊन डोंगर होतो. रुइझ विषुववृत्ताजवळ असूनही इतका उंच, की माथ्यावर कायमचा बर्फ. तप्त राख त्या बर्फावर पडली की जे वाहत येतं त्याला लहार म्हणतात. शब्द जावाचा आहे. ओल्या काँक्रीटची नदी डोळ्यांसमोर आणा.

१३ नोव्हेंबर १९८५, रात्री ९.०८. स्फोट तसा मध्यमच होता, माथ्यावरच्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला. लहार लागुनिया नदीच्या दरीत उतरला, वाटेतले दगड, माती, झाडं गोळा करत फुगत गेला आणि साडेअकराच्या सुमारास अर्मेरोवर आला. एकूण मृत्यू सुमारे २३,०००, बहुतेक याच एका शहरात.

मधले जवळजवळ अडीच तास बघा. शहराजवळची उंच जागा चालत गाठता आली असती.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १५९५ मध्ये याच दरीतून चिखल आला, ६०० हून जास्त माणसं गेली. १८४५ मध्ये पुन्हा आला, सुमारे १,००० गेली. होआकिन आकोस्ताने त्याचं वर्णन पुढच्याच वर्षी लिहून ठेवलं. त्या चिखलाची जमीन झाली आणि तिच्यावर अर्मेरो वसलं. कापूस, भात, पैसा. जमीन चांगली होती, का चांगली होती ते कुणी विचारलं नाही.

१९८५ ला तर नकाशाही होता. ७ ऑक्टोबरला, म्हणजे पाच आठवडे आधी, धोक्याचा नकाशा तयार झाला होता आणि अर्मेरो त्यात धोक्याच्या पट्ट्यात होतं. त्याच्यावर टीका काय झाली? घबराट पसरवणारा आहे. १३ तारखेला दुपारी गावात राख पडली, तरी लोकांना शांत राहायला सांगण्यात आलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑन-कॉल असलो की रात्री तीनला फोन वाजतो, बहुतेक वेळा काही नसतं. एकदा डिस्क भरत आल्याचा अलर्ट मी चार दिवस म्यूट केला. पाचव्या दिवशी सगळं बसलं. नंतरच्या मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला: अजून अलर्ट लावू! आमच्या जमातीचं हे आवडतं उत्तर. अजून सेन्सर, अजून डेटा, एक ॲप. अलर्ट तर होताच की. तो वाजल्यावर काय करायचं आणि तो खोटा निघाला तर शिव्या कुणी खायच्या, एवढंच ठरलेलं नव्हतं.

अर्मेरोतही तेच. शास्त्रज्ञांना दिवस सांगता येत नव्हता, हे मान्य. भूकंपमापक थोडे होते आणि उशिरा आले. आठवडाभर आधीच बोगोटात गनिमांनी न्यायमहाल ताब्यात घेतला होता, सरकार त्या रक्तपातातून सावरत होतं. हजारो लोकांना अनेक महिने हलवणं स्वस्तही नसतं. पण 'कधी' माहीत नव्हतं, 'कुठे' माहीत होतं. २३,००० माणसं 'कुठे' मेली हे महिनाभर आधी कागदावर रंगवलेलं होतं. याला निसर्गाचा कोप म्हणणं म्हणजे फाइल बंद करणं.

सहा वर्षांनी फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला, रुइझपेक्षा कितीतरी मोठा. तिथे धोक्याच्या पाच पायऱ्या आधीच ठरवल्या होत्या. इशारे वाढत गेले तसं रिकाम्या करायच्या भागाचं वर्तुळ १०, २०, ३०, मग ४० किलोमीटर झालं. तिथेही माणसं मेली, पण हजारो वाचली.

२०२३ च्या मार्चअखेर रुइझ पुन्हा गडगडला. नारिंगी इशारा लागला, उतारावरच्या सुमारे २,५०० कुटुंबांना हलवायचं ठरलं. बरीच कुटुंबं हलली नाहीत: शेत सोडून कसं जायचं, गुरं कोण बघणार? त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. गुरांचं कोण बघणार याचं उत्तर सोबत नसेल, तर तो इशारा म्हणजे नुसता पुश नोटिफिकेशन. मोठा स्फोट झाला नाही. जूनमध्ये इशारा पिवळ्यावर आला. पुढच्या वेळी नारिंगी लागेल तेव्हा त्या घरांत हा २०२३ चा हिशेबच पहिला निघेल.